नावांची प्रश्नचिन्हं झाली की नावं विस्कटली? आधी तेवढं बघा

पोस्टजीआयएसमधून (नकाशांच्या डेटाबेसमधून) गावांचा लेयर शेपफाइलमध्ये (नकाशाच्या फाइलींच्या संचात) काढला आणि नावं बिघडली की नाशिकमध्ये हमखास एकच निदान ऐकू येतं: "फॉन्टचा प्रॉब्लेम आहे, मंगल टाका." फॉन्ट नसेल तर रिकामे चौकोन दिसतात. बाकी त्याचा इथे संबंध नाही.

डेटाबेस यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरीसह सगळ्या लिप्या मावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) आहे, हे तुम्ही तपासलेलं असतंच. घोळ होतो डीबीएफमध्ये, म्हणजे शेपफाइलमधल्या नावांचा तक्ता ठेवणाऱ्या फाइलीत, आणि तो दोन तऱ्हांचा असतो.

'नाशिक'च्या जागी तिरकी रेघ डोक्यावर घेतलेला रोमन 'ए' आणि चार काटे फुटलेलं वर्तुळ पुन्हापुन्हा दिसत असेल, तर नाव शाबूत आहे. त्याच्या पाच चिन्हांचे (मात्रा धरून) १५ बाइट जसेच्या तसे आहेत. वाचणारं सॉफ्टवेअर त्यांना लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय भाषांचं जुनं एन्कोडिंग) समजतंय, एवढंच. क्यूजीआयएसमध्ये (नकाशे उघडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) लेयरच्या प्रॉपर्टीज उघडून एन्कोडिंग यूटीएफ-८ करा किंवा सीपीजी फाइलीत (शेपफाइलसोबतच्या, एन्कोडिंगचं नाव सांगणाऱ्या छोट्या फाइलीत) तसं लिहा. पण ती डीबीएफ फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नका. ही खोड फार वाईट. विस्कटलेली अक्षरंच मग खरी म्हणून लिहिली जातात आणि गुंता दुप्पट होतो.

'?????' दिसत असेल तर मात्र नाव गेलं. ओजीआर२ओजीआरला (एक्सपोर्ट करणाऱ्या कमांडला) एन्कोडिंग सांगितलं नाही तर ते शेपफाइल लॅटिन-१ धरून लिहितं. त्यात जेमतेम २५६ जागा, देवनागरीला एकही नाही. फ्रेंच नावांतली मात्रावाली अक्षरं त्यात बसतात, म्हणून तिकडच्या लोकांनी दिलेली कमांड त्यांच्याकडे बिनबोभाट चालते आणि आपल्याकडे नावं खाते. नाशिक आणि निफाड, दोन्हींची पाच-पाच प्रश्नचिन्हं. आता कुठलं कुठलं, हे त्या फाइलीतून कुणालाच सांगता येणार नाही. एन्कोडिंग बदलत बसू नका. डेटाबेसकडे परत जा आणि एक्सपोर्ट करतानाच लेयरच्या पर्यायात यूटीएफ-८ द्या.

माझं स्पष्ट मत: शेपफाइलऐवजी जिओपॅकेज हा फाइलप्रकार वापरा. त्यात मजकूर युनिकोडमध्येच असतो, हा प्रश्नच उरत नाही. समोरच्याला शेपफाइलच हवी असेल, तर मजकुराच्या रकान्याला २५४ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे मात्रा, अनुस्वार धरून ८४ चिन्हं. रकान्याच्या नावाला तर १० बाइटच मिळतात. ती नावं रोमनमध्येच ठेवा.