कौलं उतरली आणि उकाडा घरात आला

माझ्या मावशीचं सासर नागपूरचं. एका मे महिन्यात तिने आम्हाला गुहागरला मोठ्या मायेने कुलर पाठवला, आम्ही दोन दिवस लावला, आणि झालं काय तर चादरी ओलसर, खोलीभर दमट वास, घाम होता तेवढाच. त्यात कुलरचा दोष नाही. कुलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, ते विदर्भातल्या कोरड्या हवेत मस्त जमतं, आमच्याकडे हवेत आधीच एवढी वाफ असते की आणखी पाणी तिच्यात फारसं मावतच नाही. अंगावरचा घाम सुकत नाही तोही त्याचमुळे. म्हणून पारा ३४ ला असला तरी जीव नकोसा होतो. हवामान खातंसुद्धा उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागाला ४० अंशांची अट लावतं आणि किनारपट्टीला ३७ ची.

हे आधी सांगितलं कारण कोकणातलं जुनं घर असं का होतं ते यातूनच कळतं. इथे हवा गार करणं कोणाच्याच हातात नव्हतं. ऊन भिंतीपर्यंत पोचू द्यायचं नाही आणि वारा कोंडू द्यायचा नाही, एवढं मात्र करता येत होतं, आणि ते लोकांनी फार बारकाईने केलं.

बाहेरून आत चालत या म्हणजे दिसेल. आधी खळं, म्हणजे अंगण, त्याच्यावर दिवाळीनंतर घातलेला मांडव, वर माडाचे झाप, म्हणजे दारासमोरची जमीनच तापत नाही. मग पडवी, कौलं इतकी खाली उतरलेली की उंच माणसाला वाकावं लागतं, दुपारचं ऊन तिथेच अडतं. मग ओटी, मग माजघर, आणि त्याच्या बाजूला काळोखाची खोली, जिथे मे महिन्यात भर दुपारी उघड्या पायाने गेलं की सारवलेल्या भुईचा गारवा तळव्याला लागायचा. भिंती मातीच्या नाहीतर चिऱ्याच्या, हातभर जाड. हा चिरा म्हणजे जांभा, खाणीत असताना मऊ, तासता येतो, आणि हवा लागली की घट्ट होतो. फ्रान्सिस बुकाननने मलबारात हाच दगड बघून १८०७ साली त्याला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमध्ये विटेला जो शब्द आहे त्यावरून.

पण खरी करामत छपराची. जुनी घरं गवताने, पेंढ्याने, झापांनी शाकारलेली असत, ज्यांना परवडे त्यांच्याकडे कुंभाराची नळीची कौलं. ज्याला आपण 'पारंपरिक कोकणी कौल' म्हणतो ते मंगलोरी कौल मात्र तसं अलीकडचं आणि कारखान्यातलं, स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला नेत्रावतीच्या काठच्या मातीतून ते काढायला सुरुवात केली, आणि पुढे गलबतांमधून ते किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरू लागलं. पातळ भाजलेली माती, दुपारी तापते पण संध्याकाळी लगेच निवते. कौलांच्या फटींतून वर चढलेली गरम हवा निघून जाते. खाली फळ्यांचा पोटमाळा असेल तर वरची धग तिथेच राहते, खाली माणसं निवांत.

आणि घरामागे आगर. गुहागर, श्रीवर्धन, दिवेआगर, सगळीकडे तीच मांडणी, रस्ता, घर, मागे नारळ-सुपारीची झाडं, म्हणजे माड-पोफळी, त्यापलीकडे समुद्र. रहाटाने विहिरीचं पाणी काढून पाटाने झाडांना सोडायचे, त्यामुळे जमीन ओली आणि वर सावलीचं झाकण, दुपारचा खारा वारा त्या सावलीतून घरात यायचा. माणसांचा दिवसही त्याच हिशोबाचा, कामं पहाटे ते दहा, मग पेज, दुपारी पडायचं, घसा सुकला तर कोकम सरबत.

मग एवढं सगळं असताना कौलं जाऊन काँक्रीटचा स्लॅब का आला? 'लोकांना शहरी हौस' असं कोणी म्हटलं की मला राग येतो. दरवर्षी पावसाआधी कौलं परतावी लागतात, फुटकी बदलावी लागतात, वाशांना वाळवी लागते, आणि वानरं एका उडीत दहा कौलं फोडून जातात. हे बघायला घरात जाणती माणसं लागतात आणि ती तर मुंबईला, गिरणीत, नंतर मिळेल त्या नोकरीत. घर दहा महिने बंद. मनिऑर्डरचे पैसे साठवून एकदाच स्लॅब टाकला की गणपतीला आल्यावर घर उभं सापडेल, हा विचार अगदी बरोबर होता. पुढे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यात आलं, वर्षभरात मे २०२१ मध्ये तौक्ते. कौलं पानासारखी उडाली. त्याहून वाईट म्हणजे निसर्गमध्ये पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या, आणि पोफळ पुन्हा धरायला सहा-सात वर्षं जातात, म्हणजे छप्पर गेलं ते गेलंच, घरामागची सावलीही गेली.

स्लॅबचं दुखणं रात्री कळतं. काँक्रीट दिवसभर ऊन पीत राहतं आणि आपण झोपायला गेलो की ती धग खाली सोडतं. आमच्याकडे स्लॅब टाकला त्यानंतरच्या पहिल्या मे महिन्यात रात्री अकराला मी भिंतीला पाठ टेकली तर ती तापलेल्या तव्याशेजारी बसल्यासारखी गरम. पंखा लावला की छताखालची गरम हवाच खाली येते, वीज गेली की तेही नाही. आजी काही बोलली नाही, हातरी उचलली आणि मागच्या पडवीत जाऊन झोपली, ती पडवी तेवढी कौलांची राहिली होती. दोन उन्हाळे ती तिथेच झोपली. आम्ही स्लॅबला चुना लावून पाहिला, फरक पडला, पण पावसात धुऊन जातो, दरवर्षी लावावा लागतो.

तिसऱ्या वर्षी स्लॅब गळायला लागला म्हणून वर लोखंडी खांब लावून पत्र्याची शेड घातली, आता कोकणात बहुतेक घरांवर दिसते तशी, चारी बाजू उघड्या, मधे माणूस उभा राहील एवढी जागा. घातली पावसासाठी. पण ऊन आता पत्र्यावर पडतं, मधून वारा जातो, आणि खालचा स्लॅब पूर्वीसारखा तापत नाही. जुन्या घरात हेच काम पोटमाळा करायचा. त्या मे महिन्यात आजीने एका दुपारी माजघरात येऊन वर बघितलं, भिंतीला हात लावला, आणि रात्री हातरी आत आणली.