एगनॉग

एगनॉग म्हणजे दूध, क्रीम, साखर, अंडी आणि जायफळ यांचं दाटसर गोड पेय. बहुतेक घरांत त्यात रम, ब्रँडी नाहीतर बर्बन व्हिस्की पडते आणि ते थंड करून पितात. अमेरिका-कॅनडात हे नाताळचं पेय, नोव्हेंबर-डिसेंबरात दुकानात दुधाच्या शेजारी याचे कार्टन दिसायला लागतात आणि नवीन वर्ष उजाडलं की गायब होतात. मराठीत सोप्यात सोपं सांगायचं तर कस्टर्ड करायला घेतलं, पुरतं दाट व्हायच्या आधीच गॅस बंद केला आणि वर मसाला दुधासारखं जायफळ किसलं की झालं एगनॉग. आपल्याकडे दूध-अंडं म्हटलं की तालमीतला पैलवान डोळ्यासमोर येतो, कच्ची अंडी दुधात फोडून गटागटा पिणारा, त्यामुळे बरेच जण ऐकूनच नाक मुरडतात. पण नीट केलेल्या एगनॉगला अंड्याचा वशट वास येत नाही, येत असेल तर करणाऱ्याचं कुठेतरी चुकलंय.

नावाबद्दल एकमत नाही. इंग्लंडच्या नॉरफोक भागात सतराव्या शतकात एका कडक बिअरला नॉग म्हणायचे, तिथून आलं असं काही जण सांगतात, तर नॉगिन नावाच्या छोट्या लाकडी पेल्यावरून आलं असं बाकीचे. 'एग अँड ग्रॉग'चं (ग्रॉग म्हणजे पाणी घातलेली रम) एगनॉग झालं अशीही एक थिअरी आहे, ती मला ओढूनताणून बसवलेली वाटते. पेयाचा पूर्वज मात्र बऱ्यापैकी ठरलेला आहे, पॉसेट. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गरम दुधात बिअर किंवा वाइन ओतून, ते फाटवून, मसाले घालून प्यायचे, सर्दी-पडशावरही हेच द्यायचे. पुढे त्यात अंडी आली, पण दूध, अंडी आणि शेरी हे सगळं एकत्र परवडणारे लोक म्हणजे बडे जमीनदार. अमेरिकेतल्या वसाहतींत गणित उलटं झालं, दारात गाय आणि खुराड्यात कोंबड्या, आणि कॅरिबियन बेटांवरून येणारी रम ब्रँडीपेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणून साध्या शेतकऱ्याच्या घरीही हे व्हायला लागलं. स्वातंत्र्ययुद्धानंतर रम मिळणं अवघड झालं तेव्हा लोक गावच्या व्हिस्कीकडे वळले, बर्बनवालं एगनॉग त्यातूनच आलं. जॉर्ज वॉशिंग्टनच्या नावाने एक जबर दारूवाली रेसिपी दर डिसेंबरला फिरत असते, पण ती त्यांचीच असल्याचा पुरावा नाही.

या पेयावरून एकदा चक्क दंगल झालीय. 1826 च्या नाताळात अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत अधीक्षक सिल्व्हेनस थेअर यांनी दारूबंदी केलेली होती, तरी पोरांनी बाहेरून व्हिस्की चोरून आणली आणि 24 डिसेंबरच्या रात्री बराकीत एगनॉग पार्टी केली. अधिकारी थांबवायला गेले तर खिडक्या फुटल्या, जिन्याचे कठडे मोडले, आणि शेवटी वीसेक कॅडेट्सचं कोर्ट मार्शल झालं. पुढे अमेरिकन यादवी युद्धात गुलामीवाल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा अध्यक्ष झालेला जेफरसन डेव्हिसही त्या रात्री होता, पण त्याला आधीच खोलीत पाठवलेलं असल्यामुळे तो वाचला.

आता घरी करायचं कसं. चार-पाच जणांना 6 पिवळे बलक, 120 ग्रॅम साखर, अर्धा लिटर फुल फॅट दूध, पाव लिटर क्रीम, चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा ताजं किसलेलं जायफळ. बलक आणि साखर रंग फिकट होईपर्यंत फेटायचं. दूध-क्रीम-जायफळ गरम करायचं, कडेला बुडबुडे दिसले की बास, उकळी नको. मग खरी परीक्षा, ते गरम दूध वगराळ्याने अगदी बारीक धारेने बलकात ओतायचं आणि दुसरा हात सतत फेटत ठेवायचा. इथे घाई करून सगळं दूध एकदम ओतलं की गोड अंडाभुर्जी तयार, हे मी पहिल्याच वेळी अनुभवाने शिकले आणि पाहुणे दारात होते. एकजीव झालं की परत पातेल्यात, मंद आच, लाकडी चमचा तळाला घासत फिरवत राहायचा. कच्च्या अंड्यात असू शकणारा साल्मोनेला हा जंतू मरायला 71 अंश सेल्सिअस लागतं आणि साधारण 82 च्या पुढे बलक आळून कण दिसायला लागतात, म्हणजे खेळायला दहाएक अंशच मिळतात, त्यामुळे स्वस्तातला का होईना पण थर्मामीटर घ्याच. तो नसेल तर चमच्याच्या पाठीवर थर बसतोय का बघायचं, त्यावरून बोट ओढलं आणि रेघ तशीच राहिली की उतरवायचं. लगेच गाळायचं, पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करायचं, मग 100-120 मिली रम किंवा ब्रँडी घालून रात्रभर फ्रिजमध्ये. आपल्याकडची डार्क रम यात मस्त लागते कारण तिला मुळात व्हॅनिला-काकवीचा वास असतो. पोरांसाठी करायचं असेल तर दारू सरळ वगळा, व्हॅनिला घाला, काही बिघडत नाही. क्रीमचं मात्र बघून घ्या, केकवाल्यांकडे मिळणारं गोड व्हिप क्रीम बरेचदा वनस्पती तेलाचं असतं, ते गरम दुधात घातलं की तेलकट तवंग येतो, त्यापेक्षा 25 टक्के फॅटचं साधं फ्रेश क्रीम परवडलं.

जुनी पद्धत न शिजवायची होती, बलक-साखर-दारू एकत्र आणि पांढरं वेगळं फेसून वरून मिसळायचं. हलकं, ढगासारखं लागतं पण अंडी कच्ची. दारूने जंतू मरतात ना, असं लोक बिनधास्त सांगतात, तर मरतात, पण लगेच नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रेबेका लान्सफिल्ड यांच्या रेसिपीने एगनॉग करून आठवडेच्या आठवडे मुरवायची लॅबची परंपरा आहे (या बाई स्ट्रेप्टोकोकस या जंतूंचं वर्गीकरण करणाऱ्या मोठ्या जीवाणूशास्त्रज्ञ). तिथल्याच संशोधकांनी एकदा त्यात मुद्दाम साल्मोनेला घालून बघितला, तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळे जंतू मेलेले होते. पण त्या एगनॉगमध्ये दारू भरपूर असते आणि मुरवायचं ते फ्रिजमध्येच. संध्याकाळी करून रात्री प्यायच्या, दोन चमचे रमवाल्या ग्लासला हे लागू नाही. घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर शिजवूनच करायचं, विषय संपला.

दुकानातल्या कार्टनचं वेगळंच प्रकरण. अमेरिकन नियमाप्रमाणे एगनॉग म्हणवून घ्यायला त्यात किमान 6 टक्के दुधातलं फॅट आणि फक्त 1 टक्का बलकाचा घन भाग पुरतो, दाटपणा मग गवारगमसारख्या (गवारीच्या बियांचा डिंक) गोष्टींवर भागवतात. ते पिऊन 'आवडलं नाही' म्हणणाऱ्याने घरचं एकदा प्यावं.

याची भावंडं जगभर आहेत. मेक्सिकोच्या पुएब्ला शहरातल्या मठांमधून आलेलं रोम्पोपे, डच लोकांचं चमच्याने खाण्याइतकं घट्ट अडव्होकाट, जपानमध्ये सर्दीवर देतात ती गरम साकेतली (साके म्हणजे तांदळाची दारू) तामागोझाके. पुएर्तो रिकोचं कोकितो मात्र नारळाचं दूध, कंडेन्स्ड मिल्क आणि रम यांचं, बहुतेकदा बिनअंड्याचं, त्यामुळे अंडं न खाणाऱ्या कोकणी माणसाने खुशाल तिकडे वळावं. गोव्यात नाताळ एवढा मोठा पण कुसवारच्या, म्हणजे नाताळच्या फराळाच्या ताटात एगनॉग परंपरेने नाही, तिथे बलक आणि नारळाचं दूध दोन्ही बेबिंकाच्या थरांत जातं.

जायफळाबद्दल तडजोड नको. तयार पूड महिनाभरात मेल्यासारखी होते, अख्खं जायफळ आणून बारीक किसणीवर ग्लासवर थेट दोन-तीन वेळा घासायचं, तेवढ्यावरच घर घमघमतं. झाड मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं असलं तरी आता कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत छान येतं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' नावाची जातही काढलीय, त्यामुळे रत्नागिरीकडे कोणी ओळखीचं असेल तर तिकडून मागवा. जास्त मात्र घालू नका, आपल्याकडे बाळाला झोप यावी म्हणून उगाळून देतात ते हेच, आणि खूप पडलं की कडू लागतं. केलेलं एगनॉग फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं, उरलंच तर त्यात शिळा पाव बुडवून तुपावर परता.