वरवरचा गंज आणि पोखरलेली चासी : जुनी पिकअप बघताना हे दोन वेगळे ओळखायचे कसे

जुन्या पिकअपखाली टॉर्च घेऊन वाकलं की सगळं लालच दिसतं. मग माणसं दोनच गोष्टी करतात, एक तर घाबरून "गेली ही गाडी" म्हणतात, नाहीतर "हे वरवरचं आहे हो, ब्रश मारून काळा रंग दिला की झालं" म्हणून मोकळे होतात. दोघंही रंग बघून ठरवतात आणि तिथेच फसतात, कारण लाल भडक दिसणारी चासी (म्हणजे गाडीचं सगळं वजन पेलणारा खालचा लोखंडी सांगाडा, ज्याच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन लांब पट्ट्या असतात) अजून वीस वर्षं चालेल अशी असू शकते आणि काळी कुळकुळीत, नुकतीच रंगवलेली चासी जॅक लावल्याबरोबर आत दबू शकते. बघायचं एवढंच असतं की मूळ लोखंडातलं किती शिल्लक आहे आणि जिथून गेलंय ती जागा वजन घेणारी आहे का.

वरवरचा गंज म्हणजे रंग उडालेल्या ठिकाणी हवा आणि ओल लागून लोखंडाच्या पृष्ठभागावर आलेली पातळ तांबूस साय. बोट फिरवलं की बोटाला लाल भुकटी लागते, वायर ब्रश नाहीतर पॉलिश पेपर मारला की खालून चकचकीत धातू निघतो, कडा सरळ असतात, बोल्टची डोकी षटकोनीच दिसतात. जाडीत काही जात नाही म्हटलं तरी चालेल. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीला हे असणारच, नसलं तर उलट मी विचारीन की का नाही.

दुसरा प्रकार सुरुवातीला असाच दिसतो, म्हणून तर घोळ होतो. पण हा थरावर थर चढवत जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो त्यामुळे तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, पापुद्र्याखाली ओल अडकून बसते आणि ती ओल पुढचा थर खाते. दोन पत्रे एकावर एक रिव्हेट किंवा वेल्ड केलेले असतील तर मधला गंज फुगून ते पत्रे अक्षरशः एकमेकांपासून लांब ढकलतो. म्हणून जोडाच्या जागी चासी सुजल्यासारखी दिसली तर तिथेच थांबा, ते वरवरचं नाही.

आणि यात सगळ्यात बेरकी भाग म्हणजे बॉक्स चासी. काही पिकअपची चासी सी चॅनेलची असते, म्हणजे एका बाजूने उघडी, आत काय चाललंय ते दिसतं, धुता येतं. बॉक्स चासी चारही बाजूंनी बंद, आतला रंग मुळात पातळ आणि बऱ्याचदा सगळीकडे पोचलेला नसतो, चिखल आणि खारं पाणी भोकांमधून आत जातं आणि बाहेर यायची भोकं बुजली की तिथेच मुक्काम करतं. जिथे रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात तिथे हे जास्त होतं, त्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड तर हवेतली ओल ओढून घेतात, पाऊस नसला तरी आतला चिखल ओलाच. अशी चासी आतून बाहेर सडते. बाहेर पहिला डाग दिसेपर्यंत आतून निम्मी जाडी गेलेली असू शकते, दाताच्या किडीसारखं, वरून बारीक काळा ठिपका आणि आत पोकळ.

आता ओळखायचं कसं. एक गोल डोक्याची हातोडी, एक जुना स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि डोळ्याला चष्मा, कारण खाली पडून वर ठोकायचं म्हणजे सगळा कचरा तोंडावर येतो. आणि गाडी रॅम्पवर नाहीतर चाकांवर, नुसत्या जॅकवर उचलून खाली जायचं नाही, शंका असलेल्या चासीला जॅक लावून तिच्याखाली झोपणं म्हणजे वेडेपणा.

हातोडी जोरात नाही, टकटक करत पूर्ण लांबीभर न्यायची, पुढून मागे. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं आणि हातोडी उडी मारून परत येते. पातळ झालेलं, पापुद्रे धरलेलं लोखंड बद्द वाजतं आणि हातोडी तिथेच बसते. हा फरक एकदा कानाला कळला की विसरत नाही, पण आधी पुढच्या भागावर, इंजिनाजवळ ठोकून चांगला आवाज कसा असतो ते ऐकून घ्या, कारण इंजिनातून गळणाऱ्या तेलामुळे तो भाग बहुतेक वेळा शाबूत असतो (तेल गळण्याचा एवढा एक फायदा). बॉक्स चासी ठोकताना आत वाळू सरकल्यासारखा खळखळ आवाज आला तर ती वाळू नसते, चासीचेच सुटलेले तुकडे असतात.

बद्द वाजलेल्या जागी स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावून दाबा. वरवरचा गंज असेल तर ओरखडा उठेल आणि खाली पांढरा धातू चमकेल. पोखरलेलं असेल तर पापुद्रे नखाएवढे, कधी बिस्किटाएवढे निघत राहतील आणि शेवटी टोक आरपार. कुणी म्हणेल की असं टोचून तुम्हीच भोक पाडताय, तर नाही, हाताच्या जोराने साडेतीन-चार मिलिमीटर लोखंडाला भोक पडत नाही, पडलं तर ते आधीच गेलेलं होतं.

भोकांवरनं पण गोंधळ होतो. चासीला कंपनीतूनच भरपूर भोकं असतात, पाणी निघायला, वायरिंग अडकवायला, बनवताना पकडायला. ती गोल किंवा लांबट असतात, कड एकसारख्या जाडीची, आणि डाव्या पट्टीवर जिथे भोक तिथेच बहुतेक उजव्या पट्टीवर. गंजाच्या भोकाची कड वेडीवाकडी आणि ब्लेडसारखी पातळ होत गेलेली असते. कंपनीच्या भोकाची कडसुद्धा पातळ लागत असेल तर तिथे आतून काम सुरू झालंय. त्याच भोकातून मोबाइलला जोडायचा कॅमेरा आत घालून बघता येतं, आणि जाडी आकड्यात हवी असेल तर अल्ट्रासोनिक गेज एका बाजूनेच मोजतं, फक्त त्याच्याआधी पापुद्रे साफ करून जागा घासावी लागते, नाहीतर रीडिंगला काही अर्थ नाही.

जागा कुठली हे पण तेवढंच महत्त्वाचं, आणि हे फार कमी लोक बघतात. चासीची पट्टी वजनाखाली वाकते तेव्हा ताण वरच्या आणि खालच्या आडव्या कडांवर येतो, मधल्या उभ्या भागात तो कमी असतो, म्हणून कंपनी शक्यतो भोकं उभ्या भागाच्या मध्यावर पाडते. तिथे नाण्याएवढं गंजाचं भोक पडलं तर वाईटच, पण खालच्या कडेला बोटभर भाग खाल्ला गेला असेल तर ते त्याहून कितीतरी वाईट, आणि नेमकी खालची कडच चिखल धरते. त्यात मागच्या पाट्यांचे (पट्टीच्या स्प्रिंगांचे) हँगर आणि शॅकल, म्हणजे पाटे चासीला जिथे अडकतात त्या जागा, शॉकअब्सॉर्बरचे ब्रॅकेट, मागच्या ॲक्सलवरचा कमानीचा भाग, डिझेल-पेट्रोलच्या टाकीच्या वरचा भाग जो टाकी उतरवल्याशिवाय दिसतच नाही, स्टेअरिंग बॉक्स बसतो ती जागा, केबिन आणि हौदा (माल ठेवायचा मागचा भाग) चासीवर जिथे बसतात ते माउंट, ह्या जागा आधी बघायच्या. ब्रिटनमधल्या एमओटी तपासणीत, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का ह्या दरवर्षीच्या तपासणीत, तर नियमच आहे की सस्पेन्शन, स्टेअरिंग, सीटबेल्ट अशांच्या जोडणीपासून 30 सेंटिमीटरच्या आत ताकद कमी करणारा गंज असेल तर गाडी नापास. तेवढाच गंज दुसरीकडे कुठे असेल तर बऱ्याचदा चालून जातो. नियम कुठलाही असो, विचार बरोबर आहे.

ब्रेकचे लोखंडी पाइप चासीच्या कडेने जातात. चासी वाचली आणि पाइप गेले असंही होतं, बघता बघता तेही बघून घ्या.

आता मधली अवस्था, जिथे खरा वाद होतो. पापुद्रे निघतायत पण भोक नाही. इथे मी घाईने निकाल देणार नाही. सगळं ठोकून, घासून खालपर्यंत जायचं, मग जाडी मोजायची आणि त्याच चासीच्या शाबूत भागाशी ताडून बघायची. थोडी खड्डेदार झाली असेल पण जाडी जवळपास तेवढीच भरत असेल तर ती अजून वरवरच्या गंजाच्याच बाजूला आहे, लगेच आवरली तर वाचेल. पण पाव-एक भाग जाडी गेली असेल आणि ती जागा पाट्याच्या हँगरची असेल तर भोक नाही म्हणून खूश होऊ नका, खोल खड्ड्यांच्या तळातूनच तडे सुरू होतात.

दोघांचे उपाय पण वेगळे आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. वरवरच्या गंजावर कन्व्हर्टर चालतं, त्यातलं फॉस्फोरिक नाहीतर टॅनिक ॲसिड गंजाशी रिॲक्शन करून त्याचा काळपट टिकाऊ थर करतं, त्यावर प्रायमर आणि रंग. हे रसायन गंजाचं रूप बदलतं, गेलेलं लोखंड परत आणत नाही, आणि जाड पापुद्र्यावर मारलं तर वरच्या वर काळं होतं आणि खाली पहिल्यासारखंच चालू राहतं. रबरासारखं किंवा डांबरासारखं जाड अंडरकोटिंग तर गंजावर मुळीच मारू नये असं माझं मत आहे. ते वाळून तडकतं, तड्यातून पाणी आत जातं, बाहेर येत नाही, आणि तुम्हाला दिसणंही बंद होतं. त्यापेक्षा लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेणासारखं द्रव्य), तेल किंवा मेणाचा स्प्रे बरा, विशेषतः बॉक्स चासीच्या आत लांब नळीने मारलेला. दरवर्षी मारावा लागतो, हाताला लागतो, पण जोडांमध्ये झिरपतो.

पोखरलेल्या चासीवर ह्यातलं काहीही उपयोगाचं नाही. तिथे कापायचं आणि वेल्ड करायचं. भोकावर पातळ पत्र्याचं ठिगळ लावून चार टाके मारणारे मेस्त्री भेटतात, त्याला दुरुस्ती म्हणू नका. सडलेला भाग चांगलं जाड लोखंड लागेपर्यंत कापून काढावा लागतो, कारण पातळ कडेला वेल्डिंग पकडतच नाही, नुसती जळून मागे सरकत जाते. नवी पट्टी मूळ जाडीची, वेल्ड सलग, आणि वरून आधाराची प्लेट लावायची तर तिची टोकं तिरकी कापतात, सरळ उभी रेघ मारली की सगळा ताण त्या एका रेघेवर येतो आणि चासी तिथून तुटते. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढलेली असावी, इंधनाचे पाइप आणि टाकी बाजूला, आणि आत आधी मेण-तेल मारलेलं असेल तर मेस्त्रीला सांगा, ते पेट घेतं.

गाडी विकत घेताना उलटं डोकं चालवावं लागतं. लालसर, उघडी, काहीच न लपवलेली चासी मला चालते, तपासता तरी येते. पण पंधरा वर्षांची गाडी, हौद्याला पोचे, दरवाजे खडखड वाजतायत आणि चासी मात्र नवीकोरी काळी, तर मी आधी हातोडी काढीन. विकणारा ठोकू देत नसेल तर उत्तर मिळालं.

हा फरक नुसता गॅरेजमधल्या गप्पांचा नाही. अमेरिकेत टोयोटाच्या टॅकोमा पिकअपच्या चासी इतक्या सडल्या की 2008 मध्ये कंपनीने 1995 ते 2000 सालच्या गाड्यांसाठी परत विकत घेण्याची योजना काढली, आणि 2016 मध्ये टॅकोमा, टुंड्रा, सिक्वोया मिळून जवळपास 15 लाख गाड्यांच्या दाव्यात समझोता झाला, ज्याची किंमत 340 कोटी डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. तिथेही चासी बदलून मिळायची ती गंजाने आरपार भोक पडलं असेल तर, नुसता वरचा गंज दाखवून नाही.

दोन्ही पट्ट्या दोन-तीन ठिकाणी गेल्या असतील तर वेल्डिंगचा हिशोब बसत नाही. मग दुसरी चासी आणून केबिन, हौदा, इंजिन सगळं तिच्यावर चढवायचं नाहीतर गाडी भंगारात. चासी बदलायची ठरवलीत तर आधी तिच्यावर ठोकलेल्या नंबरचं बघा, बऱ्याच गाड्यांचा चासी नंबर पट्टीवरच असतो, आणि नोंदणी कार्यालयात परवानगी, जुन्या चासीची कागदपत्रं, नव्या चासीचं बिल हे सगळं काम सुरू व्हायच्या आधी झालेलं पाहिजे, नाहीतर गाडी मजबूत होईल पण कागदावर ती गाडीच राहणार नाही.