विंटरबेरी की पॉसमहॉ, तुमच्या बॅकयार्डात नेमकं कोणतं लावायचं?

डिसेंबर आला की न्यू जर्सीतलं कुणीतरी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकतं, एकही पान नसलेलं झुडूप आणि काड्यांना वरपासून खालपर्यंत लालभडक फळं, आणि मग डॅलसवाले विचारतात, हे काय आहे, आमच्याकडे येईल का? येईल, पण बहुतेक हेच नाही, याचं भावंड येईल. दोन्ही 'होली' नावाच्या झाडांच्या गटातलीच. ख्रिसमस कार्डावरची काटेरी चकचकीत पानांची होली वर्षभर हिरवी असते, ती वेगळी. हिवाळ्यात पानं गाळणाऱ्या अमेरिकेतल्या होलींपैकी घरच्या बागेत मुख्यतः दोन दिसतात, विंटरबेरी म्हणजे आयलेक्स व्हर्टिसिलाटा आणि पॉसमहॉ म्हणजे आयलेक्स डेसिड्युआ. दोघांच्या पानांना काटे नाहीत, दोघांना साधारण पाव इंचाची लाल फळं, आणि नर्सरीत कधीकधी दोघांच्या टॅगवर नुसतं 'डेसिड्युअस होली' (म्हणजे पानं गाळणारी होली) एवढंच लिहिलेलं असतं, घोळ तिथेच होतो.

ओळखायचं असेल तर पान हातात घेऊन नीट बघा. विंटरबेरीच्या पानाची कड बारीक टोकदार दातांची, वरच्या बाजूने शिरा आत दबलेल्या, त्यामुळे पान जरा सुरकुतलेलं वाटतं. पॉसमहॉचं पान देठाकडे निमुळतं आणि टोकाकडे रुंद, कडेचे दात बोथट, गोलसर, आणि जुन्या फांदीवर आखूड गाठाळ फुटव्यांवर पानांचे झुबकेच्या झुबके. पानं गळून गेली असतील तर साल बघा, पॉसमहॉची फिकट राखाडी, जवळजवळ चंदेरी, विंटरबेरीची त्यामानाने गडद. तरीही शंका राहिली तर एक फळ चिरडून बिया धुवून घ्या: विंटरबेरीची बी पाठीवर गुळगुळीत, पॉसमहॉच्या बीवर उभ्या रेघा. आणि पहिला कडक फ्रॉस्ट (गोठलेलं दव) पडल्यावर विंटरबेरीची पानं बऱ्याचदा काळी पडतात, तो रोग नाही, घाबरून औषध मारू नका.

आता खरा मुद्दा, माती. विंटरबेरी मूळची दलदलीच्या काठची, न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्स या पाइनच्या जंगलात ओल्या आंबट जमिनीत ती आपोआप वाढते. पीएच, म्हणजे मातीचा आंबटपणा सांगणारा आकडा (कमी तितकी माती आंबट), 6 च्या खाली असेल तर खूश, छपराच्या पन्हळीचं पाणी जिथे येऊन साचतं तिथे लावली तरी चालते, थंडी तर मिनेसोटाचीही सोसते. पण चुनखडीची जमीन तिला अजिबात नको. डॅलस, प्लेनो, फ्रिस्को या पट्ट्यातली माती म्हणजे आपली विदर्भ-मराठवाड्यातली काळी जमीनच समजा, पावसात चिकट गोळा आणि उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा, शिवाय खाली चुनखडक, पीएच 7.5 च्या वर. अशा मातीत जमिनीत लोह असतं पण मुळांना ते घेता येत नाही, मग नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि झाड झुरत जातं. लोक माती आंबट करायला गंधक टाकतात, चिलेटेड आयर्न (मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह) देतात, थोडे दिवस बरं दिसतं, पण खालचा चुना कुठे जाणार, माती परत मूळपदावर येते. दरवर्षी हे करत बसण्यापेक्षा सरळ पॉसमहॉ लावा! ते टेक्सासचं स्वतःचं झाड आहे, तिकडच्या ओढ्यांच्या काठाला चुनखडीतच वाढतं, एकदा मुळं धरली की कोरडा उन्हाळाही काढतं आणि मध्येच पाणी तुंबलं तरी कुरकुर करत नाही. उलट शिकागोच्या वरच्या बाजूला राहणाऱ्यांनी पॉसमहॉच्या मागे लागू नये, अमेरिकेच्या थंडीच्या नकाशातल्या झोन 5 च्या (आकडा कमी तितकी थंडी जास्त) पलीकडची थंडी त्याला झेपत नाही, तिथे विंटरबेरीच.

जागेचाही हिशोब वेगळा आहे. विंटरबेरी झुडूपच राहते, मुळांतून फुटवे काढत पसरते, 'रेड स्प्राइट' ही ठेंगणी जात 3-4 फुटांवर थांबते म्हणून खिडकीखाली छान. पॉसमहॉ 15 फुटांच्या पुढेही जातं, खालच्या फांद्या काढल्या तर छोटं झाडच होतं, कुंपणाला चिकटवून लावू नका.

फळं का येत नाहीत, हा प्रश्न मात्र दोघांचाही तोच. नर झाड वेगळं, मादी वेगळी, फळं फक्त मादीला, आणि तीही जवळपास, साधारण 50 फुटांच्या आत, नर त्याच वेळी फुलत असेल तर. परागीकरण मधमाश्या करतात, आपण फक्त जोडी नीट लावायची. विंटरबेरीत लवकर फुलणाऱ्या 'रेड स्प्राइट'ला 'जिम डँडी' हा नर लागतो, उशिरा फुलणाऱ्या 'विंटर रेड'ला 'सदर्न जंटलमन', उलटसुलट केलं तर दोन्ही झाडं ठणठणीत आणि फळ एक नाही. एक नर पाच-सहा माद्यांना पुरतो, त्याला मागे कोपऱ्यात ठेवलं तरी चालेल. विंटरबेरीचा नर पॉसमहॉला सहसा उपयोगाचा नाही कारण पॉसमहॉ वसंतात आधीच फुलून मोकळं होतं, पण शेजारी अमेरिकन होलीचा (ही वर्षभर हिरवी, काटेरी पानांची) नर असेल तर त्याच्या परागावर पॉसमहॉला फळं धरतात. रोपावर जातीचं नाव नसेल तर हिवाळ्यात जाऊन फळं लागलेलंच रोप उचला, म्हणजे मादी आहे हे नक्की. आणि दोघांनाही निदान सहा तास ऊन हवं, सावलीत जगतील पण फळं तुरळक येतील.

छाटणी थंडीच्या शेवटी, नवी पालवी फुटायच्या आधी. उन्हाळ्यात कात्री लावली तर त्या वर्षीची फळंच कापली जातात. फळं पिकल्या पिकल्या पक्षी फारसे येत नाहीत, थंडीने मऊ झाली की रॉबिन आणि सीडर वॅक्सविंगचे थवे उतरतात आणि बघता बघता झुडूप रिकामं करतात, ते करू द्या, पुरवून ठेवलेला खाऊच आहे तो त्यांचा. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर मात्र लक्ष ठेवा, ही फळं पोटात गेली की उलट्या-जुलाब होतात, म्हणून खेळायच्या जागेपासून लांब लावा आणि फ्लॉवरपॉटमध्ये काड्या ठेवल्यात तर गळलेली फळं रोज उचला.