मराठी संकेतस्थळांची सुगम्यता

ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसते, ऐकू येत नाही, माउस धरता येत नाही किंवा सलग वाचताना अक्षरे गोंधळतात, अशा व्यक्तींना संकेतस्थळावरचे काम दुसऱ्या कुणाला शेजारी न बसवता पुरे करता यावे, अशा बांधणीला सुगम्यता म्हणतात. अंध व्यक्ती स्क्रीन रीडर वापरते. हा प्रोग्रॅम पडद्याचे चित्र पाहत नाही, तर पानामागचा एचटीएमएल हा कोड वाचून बोलतो. म्हणून सुगम्यतेचे बहुतेक प्रश्न रंगरूपाचे नसून मागच्या कोडचे असतात.

सुगम्यतेसाठी जगभर प्रमाण मानली जाणारी डब्ल्यूसीएजी ही मार्गदर्शक तत्त्वे वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही वेबची मानके ठरवणारी संस्था काढते. पहिली आवृत्ती १९९९ साली आली, २.० आवृत्ती २००८ साली आणि सध्याची २.२ ऑक्टोबर २०२३ मध्ये. तिच्यात ८६ निकष असून ते ए, एए आणि एएए अशा तीन पातळ्यांत विभागले आहेत. कायदे आणि निविदा सहसा एए पातळी मागतात, म्हणजे पहिल्या दोन पातळ्यांचे मिळून ५५ निकष. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे कलम ४२ माहिती तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेविषयी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी प्रकरणात २०१७ च्या नियमांतील १५(१) हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण सक्ती हवी तिथे त्याने केवळ शिफारशी ठेवल्या होत्या. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सुगम्यता घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, येते असे न्यायालयाने म्हटले. बँकेच्या केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याची अट ॲसिडहल्ल्यातील पीडितांना आणि अंधांना पाळता येत नाही, हा त्या प्रकरणाचा गाभा होता.

मजकूर आणि भाषा

पडद्यावर मराठी दिसत असली, तरी आत मराठी असेलच असे नाही. युनिकोड ही प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेतांक देणारी आजची पद्धत. कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ‘ई, जे, के, बी, एच’ अशी पाच इंग्रजी अक्षरे असतो. फाँट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवतो. डोळ्यांना फरक कळत नाही, पण स्क्रीन रीडर तीच इंग्रजी अक्षरे बडबडतो. शोधयंत्रालाही असा मजकूर सापडत नाही. तो युनिकोडमध्ये बदलणारी साधने मिळतात, मात्र ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांत चुका राहतात, कारण जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी टंकली जाते आणि युनिकोडमध्ये नंतर. बदललेला मजकूर एकदा मुद्रितशोधकाच्या नजरेखालून जायलाच हवा. स्कॅन करून पीडीएफ केलेल्या परिपत्रकांची गत याहून वाईट असते. तिथे अक्षरेच नसतात, नुसता फोटो असतो. मूळ वर्ड फाइलवरून पीडीएफ केली, तर हा सगळा खटाटोप वाचतो. सही-शिक्क्यासाठी स्कॅन लागतच असेल, तर सोबत टंकलिखित प्रतही चढवावी.

दुसरी चूक एका शब्दाची असते. पानाच्या सुरुवातीला भाषा सांगणारा ‘लँग’ हा गुणधर्म असतो. मराठीसाठी त्याचे मूल्य ‘एमआर’. तयार थीम घेऊन उभारलेल्या साइटवर तो अनेकदा इंग्रजीच राहून जातो. काही वाचक-प्रोग्रॅम लिपी पाहून आवाज बदलतात, पण देवनागरी हिंदीचीही लिपी असल्याने ते हमखास मराठीकडेच वळतील असे नाही. हिंदी आवाज ‘५९’ हा आकडा ‘उनसठ’ असा वाचतो आणि ‘चमचा’तला च ‘चहा’तल्या चसारखा उच्चारतो. एनव्हीडीए या मोफत मिळणाऱ्या स्क्रीन रीडरसोबत येणाऱ्या ईस्पीक या बोलणाऱ्या इंजिनात मराठी आवाज आहे. तो यांत्रिक वाटतो, पण ‘लँग’ बरोबर असेल तर आकडे मराठीत वाचतो. पानात मध्येच इंग्रजी परिच्छेद आला, तर त्याच्यापुरता ‘लँग’ वेगळा द्यावा लागतो.

अक्षरांच्या मांडणीत इंग्रजीसाठी केलेली मापे देवनागरीला तोकडी पडतात. ठरावीक उंचीच्या बटनावर ‘पूर्ण करा’ लिहिले, की ‘पू’चा उकार खाली आणि ‘र्ण’चा रफार वर कापला जातो. ओळीची उंची अक्षराच्या निदान दीडपट ठेवावी आणि बटनाची उंची मजकुरानुसार वाढू द्यावी. अक्षरांमधले अंतर वाढवले तर शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटा सुटा दिसतो. अंतर हवे असेल तर ते शब्दांमध्ये वाढवावे. दुव्याखालची रेघही थोडी खाली सरकवावी, नाहीतर ती उकारांवरून जाते.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांमधला उजळपणाचा फरक साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या मजकुरासाठी ३ : १ लागतो. पांढऱ्यावर #७६७६७६ हा करडा रंग ४.५४ मिळवून उत्तीर्ण होतो, तर #७७७७७७ हा ४.४८ वर नापास होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच! बारीक वळणाच्या फाँटमध्ये काठावर पास झालेला रंगही देवनागरीला पुरत नाही. आधी अनुस्वार पुसट होतो आणि ‘वंश’चा ‘वश’ वाचला जातो.

अर्ज

संकेतस्थळ खरोखर अडते ते अर्जाच्या पानावर. रकान्यात फिकट अक्षरांत ‘संपूर्ण नाव’ लिहिले म्हणजे लेबल झाले असा समज आहे. टंकायला लागताच ते नाहीसे होते. लेबल रकान्याबाहेर, कायम दिसणारे आणि कोडमध्ये त्या रकान्याशी जोडलेले हवे. चूक झाली की रकान्याची कड नुसती लाल करून भागत नाही. ‘पिनकोड सहा आकडी असावा’ असे शब्दांत सांगावे, तो संदेश रकान्याशी जोडावा आणि कर्सर तिथे न्यावा. तारखेसाठी केवळ माउसने निवडायचे कॅलेंडर देऊ नये, ती टंकताही आली पाहिजे.

‘डिव्ह’ या कोडमधल्या नुसत्या चौकटीला रंग देऊन बनवलेले बटन ही नेहमीची फसगत. ते माउसने चालते, पण टॅब दाबून तिथे पोहोचता येत नाही, एंटरने ते दाबले जात नाही आणि स्क्रीन रीडर त्याला बटन म्हणत नाही. खरा ‘बटन’ घटक वापरला की या तिन्ही गोष्टी फुकट मिळतात. फोनवर बोट नेमके टेकवता यावे म्हणून २.२ आवृत्तीत अशा घटकाला किमान २४ बाय २४ पिक्सेल जागा किंवा तितके मोकळे अंतर मागितले आहे.

ओटीपीचे सहा वेगळे चौकोन दिसायला नेटके, वापरायला त्रासाचे. प्रत्येकाला नाव नसेल तर सहा वेळा नुसते ‘एडिट’ (म्हणजे लिहायचा रकाना) ऐकू येते. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला संदेशाच्या ॲपमध्ये जाऊन आकडा ऐकून परत यावे लागते आणि तेवढ्यात वेळ संपतो. एकच रकाना द्यावा, पेस्ट करू द्यावे, वेळ संपण्याआधी वाढवून घेता यावी. चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा असेल, तर अंध अर्जदार तिथेच थांबतो.

चित्रे आणि चित्रफिती

चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे कोडमध्ये लिहिलेले त्याचे वर्णन, नसेल, तर बऱ्याचदा फाइलचे नाव वाचले जाते. नुसत्या शोभेच्या चित्राचा पर्यायी मजकूर रिकामा ठेवावा, पण कोडमधून तो गुणधर्मच गाळू नये. मराठी साइटवर सभेची सूचना किंवा भरतीची जाहिरात रंगीत पोस्टर म्हणून टाकण्याची रीत आहे. अशा वेळी तारीख, वेळ, ठिकाण खाली टंकून द्यावे. चित्रफितींना मराठी उपशीर्षके हवीतच, आणि यंत्राने केलेली असली तर तपासून. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते, मराठी नव्हे. त्यांना उपशीर्षके पुरतातच असे नाही.

तपासणी

पानाच्या कोपऱ्यात ‘अ+ अ अ−’ ही बटने किंवा व्हीलचेअरचे चिन्ह असलेले विजेट लावले की साइट सुगम्य झाली, असे समजू नये. अक्षर मोठे करणे ब्राउझरला येतेच, आणि नाव नसलेल्या बटनाला योग्य नाव विजेट देऊ शकत नाही. स्वयंचलित चाचण्याही फसतात. पर्यायी मजकूर आहे की नाही हे त्यांना कळते, तो बरोबर आहे का हे कळत नाही.

हाताने तपासायला अर्धा तास पुरतो. माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरवर अर्ज भरावा, आपण कुठे आहोत हे दाखवणारी चौकट सतत दिसते का ते पाहावे. १२८० पिक्सेल रुंदीच्या खिडकीत पान ४०० टक्के मोठे करावे, ओळ वाचायला आडवे सरकावे लागता कामा नये. मग एनव्हीडीए सुरू करून पडदा बंद करावा. ‘एच’ दाबत मथळ्यांवरून जावे, इन्सर्ट आणि एफ७ एकत्र दाबून दुव्यांची यादी ऐकावी. त्या यादीत ‘अधिक वाचा’ बारा वेळा आले, तर कोणता दुवा कोणत्या बातमीचा हे ऐकणाऱ्याला कळत नाही. दुव्यात बातमीचा मथळाच घालावा लागतो.