शकुंतलेचं हरीण आलं कुठून?

महाभारतातल्या शकुंतलेजवळ हरीण नाही. आदिपर्वातली ही मुलगी मेनकेने मालिनी नदीच्या काठी टाकून दिलेली, शकुंत पक्ष्यांनी राखलेली, कण्व ऋषींनी उचलून आणून वाढवलेली. मोठी झाल्यावर ती दुष्यंताशी गांधर्व विवाह करते, तोसुद्धा माझाच मुलगा गादीवर बसेल ही अट आधी कबूल करून घेऊन. पुढे मुलाचा हात धरून ती दरबारात जाते आणि राजा कानांवर हात ठेवतो तेव्हा त्याला भरपूर सुनावते. शेवटी आकाशवाणी तिची बाजू घेते. या कथेत अंगठी नाही, दुर्वासांचा शाप नाही आणि पाडसही नाही. रानातल्या श्वापदांशी जे काही चालतं ते तिच्या मुलाचं. सहा वर्षांचा असताना तो वाघ, सिंह, हत्ती धरून आश्रमाजवळच्या झाडांना बांधून ठेवायचा, म्हणून त्याचं नाव सर्वदमन.

पाडस आणलं कालिदासाने, ‘अभिज्ञानशाकुंतल’ या आपल्या नाटकात. त्याचा काळ साधारणपणे चौथं-पाचवं शतक धरतात. त्याने हे पाडस शोभेसाठी आणलं नव्हतं. नाटकात त्याला काम आहे, नाव आहे, आणि एका प्रसंगात तर सगळा भरवसा त्याच्यावरच आहे. ती शोभा मागून आली.

हरीण आणि आश्रम ही जोडी मात्र कालिदासाच्या कितीतरी आधीची. ज्या प्रदेशात कृष्णसार मृग आपणहून हिंडतो तो यज्ञाला योग्य प्रदेश, असं मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात म्हटलं आहे. कृष्णसार म्हणजे आपलं काळवीट. मुंजीत बटूला मृगाजिन लागतं, तपस्व्याला बसायला लागतं, म्हणजे आश्रमाचा हरणाशी संबंध जितका मायेचा तितकाच कातड्याचाही. रामायणातली सीतासुद्धा सोन्याचं हरीण पाहून म्हणते की जिवंत मिळालं तर उत्तमच, नाहीतर त्याच्या कातड्यावर बसायला मला आवडेल. हा दुसरा भाग आपण सांगताना बहुतेक गाळतो.

तपस्व्याने हरणाला जीव लावला तर काय होतं याचीही एक गोष्ट पुराणांत आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधातला भरत राजा (हा ऋषभदेवाचा मुलगा, शकुंतलेचा नव्हे) राज्य सोडून गंडकीच्या काठी तप करत असतो. सिंहाच्या डरकाळीने बिथरलेली गाभण हरिणी नदीवरून उडी मारते, तिथेच विते आणि मरते. भरत ते पोर उचलून आणतो, वाढवतो, त्याच्यात इतका गुंततो की मरतानाही त्याचाच विचार मनात राहतो आणि पुढचा जन्म हरणाचा मिळतो. जडभरत म्हणून आपण ओळखतो तो त्याच्याही पुढचा जन्म. विरक्त पुरुषासाठी हरणाची माया हा घसरण्याचा निसरडा काठ. तीच माया कण्वांच्या आश्रमात वाढलेल्या मुलीच्या वाट्याला आली की कालिदास तिला जराही दोष देत नाही, उलट कण्वांच्या तोंडून तिचं कौतुक करवतो.

नाटक सुरू होतं तेच शिकारीने. दुष्यंत रथातून एका कृष्णसाराचा पाठलाग करतो आहे. मान मागे वळवून रथाकडे पाहत पळणाऱ्या त्या हरणाचा श्लोक प्रसिद्धच आहे. त्याच्या शेवटी कवी म्हणतो की उंच उड्यांमुळे ते जमिनीवर थोडं आणि हवेतच जास्त चाललं आहे. नगर-सोलापूरच्या माळावर बिथरलेला काळविटांचा कळप ज्याने पाहिला असेल त्याला इथे अतिशयोक्ती वाटणार नाही. बाण सुटणार इतक्यात तपस्वी हात वर करून मध्ये येतो: ‘आश्रममृगोऽयं न हन्तव्यो न हन्तव्यः’, हे आश्रमाचं हरीण आहे, मारू नका, मारू नका. राजा बाण उतरवतो. दुसऱ्या अंकात तर धनुष्य ओढायलाच त्याचा हात वळत नाही, कारण प्रियेला भोळं पाहणं ज्यांनी शिकवलं त्यांच्यावर नेम धरायचा कसा, असं तो म्हणतो. तिसऱ्या अंकात सख्यांना त्या दोघांना एकटं सोडून निघायचं असतं. त्या म्हणतात, ते पाडस आईला शोधतंय वाटतं, चल, नेऊन सोडू. सबब म्हणून हरीण वापरण्याइतकं ते त्या मुलींच्या रोजच्या घरकामात मिसळलेलं होतं.

खरं नातं उघड होतं चौथ्या अंकात, सासरी निघताना. शकुंतला कण्वांना सांगते की झोपडीभोवती जडपणाने वावरणारी ती गाभण हरिणी सुखरूप सुटली की मला निरोप पाठवा. दोन पावलं चालते न चालते तोच तिचं वस्त्र मागून ओढलं जातं. संहितेत इथे रंगसूचना आहे ‘गतिभङ्गं रूपयित्वा’, म्हणजे चाल अडल्याचा अभिनय करून. यावरून वाटतं की प्रत्यक्ष पाडस रंगमंचावर नसावंच. नटीने अडखळायचं, मागे वळून बघायचं, आणि प्रेक्षकाला ते दिसायचं. मग कण्व सांगतात ते कोण आहे. दर्भाच्या टोकांनी ज्याचं तोंड सोललं तेव्हा तू इंगुदीचं तेल लावलंस, मुठी-मुठीने सावा भरवून ज्याला वाढवलंस, तोच हा तुझा मानलेला मुलगा तुझी वाट सोडत नाही.

इंगुदी म्हणजे आपल्याकडचं हिंगणबेट. पहिल्या अंकात राजाला आश्रम जवळ आल्याची जी चिन्हं दिसतात त्यांत हीच फळं फोडून तेलकट झालेले दगडही आहेत. तिथे नुसती खूण म्हणून आलेलं तेल इथे पाडसाच्या तोंडाला लागलं. चारा म्हणून वाढवलेलं गवतच तोंडाला टोचतं, हे ज्याने जनावर हाताळलेलं नाही त्याला सहसा सुचायचं नाही. शकुंतला त्याला म्हणते, बाळा, मी तुला सोडून निघाले, माझ्यामागे कशाला येतोस? जन्मताच आई गेली तेव्हा मी तुला वाढवलं, आता माझ्यामागे बाबा बघतील. आईने टाकलेली मुलगी हे आईविना वाढलेल्या पाडसाला सांगते आहे. कालिदास तिकडे बोट दाखवत नाही.

पाचव्या अंकात या पाडसाला नाव मिळतं, दीर्घापांग. शापामुळे राजा सगळं विसरलेला, खुणेची अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात पडलेली. पुराव्याला शकुंतलेजवळ उरते एकच आठवण. वेलींच्या मांडवात तुमच्या हातात कमळाच्या पानाच्या द्रोणात पाणी होतं, माझा दीर्घापांग आला, तुम्ही आधी त्याला पाजायला गेलात. तुमची ओळख नव्हती म्हणून तो जवळ येईना. तेच पाणी मी हातात घेतलं आणि तो प्यायला. तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, जो तो आपल्यासारख्यांवरच विश्वास ठेवतो, दोघंही रानातलीच! भरलेल्या दरबारात, पुरोहितासमोर, कुणी असा पुरावा मांडेल का? पण खरं बोलणाऱ्या माणसाला असंच काहीतरी आठवतं. राजा त्यावर स्त्रियांच्या गोड थापांबद्दल बोलतो आणि परक्याच्या घरट्यात पिल्लं वाढवून घेणाऱ्या कोकिळेचा दाखला देतो. महाभारतात आकाशवाणीने जे केलं ते इथे पाडसाला जमत नाही. माझ्या मते त्याचं हे अपयशच कालिदासाला हवं होतं. आश्रमात जे नातं सगळ्यांना दिसतं त्याला राजवाड्यात किंमत शून्य.

सातव्या अंकात जुनी कथा परत येते. मारीच म्हणजे कश्यप ऋषींच्या आश्रमात सर्वदमन सिंहिणीचा छावा ओढतो आहे, जांभई दे, दात मोजतो म्हणून. तापसी त्याला दटावते, ही जनावरं आम्हाला पोटच्या पोरांसारखी आहेत, त्यांना का छळतोस? महाभारतात या पराक्रमाचं कौतुकच होतं. इथे आईचं पाडस आधी येऊन गेलेलं असल्यामुळे मुलाच्या दांडगाईला कुणीतरी आवर घालतं.

पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. १७८९ साली विल्यम जोन्सचं इंग्रजी भाषांतर कलकत्त्यात छापलं गेलं, त्यावरून १७९१ मध्ये जर्मन झालं आणि जर्मन कवी ग्योटे भारावला. मराठीत परशुरामतात्या गोडबोल्यांनी गद्यपद्य भाषांतर केलं होतं. पण शकुंतला घराघरांत गेली ती अण्णासाहेब किर्लोस्करांमुळे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला तो पहिल्या चार अंकांचा. म्हणजे त्या रात्रीच्या पुणेकरांनी पाडसाचा निरोप पाहिला, त्याची साक्ष नाही. पुढे भाऊराव कोल्हटकर आणि १९०५ मध्ये मिरजेला बालगंधर्व शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले आणि प्रेक्षकांची नजर साहजिकच गाण्याकडे नि नेसण्याकडे वळली.

चित्रांनी उरलेलं काम केलं. राजा रविवर्म्याने शकुंतला अनेकदा रंगवली. १८९४ साली मुंबईत घाटकोपरला त्याचा छापखाना सुरू झाला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि पौराणिक स्त्रियांची रंगीत छापील चित्रं भिंतीभिंतींवर लागली. त्या वळणावर निघालेल्या असंख्य कॅलेंडरांत शकुंतलेशेजारी हरीण ठरलेलं. पण ते असतं ठिपक्यांचं, बहुधा चितळाचं, आणि कशात गुंतलेलं नसतं. द्रोणातलं पाणी किंवा सोललेलं तोंड कुठे दिसत नाही. एवढ्या चित्रांत दीर्घापांग हे नाव लिहिलेलं मला तरी कधी दिसलं नाही.

कृष्णसाराचं सांगायचं तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे आणि त्याचं पाडस घरी पाळणं गुन्हा आहे. काळविटाची मादी पाडसाला पहिले काही दिवस गवतात लपवून एकटीच चरायला जाते. ते अनाथ समजून लोक उचलून आणतात आणि आई परतते तेव्हा जागा रिकामी असते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला खास काळविटांसाठी १९८० साली अभयारण्य झालं. क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर.