स्त्री कामगार संघटना आणि लिंगभेदाविरुद्धचा लढा (सोलापूर)

सोलापुरातील कापड गिरण्या, विडी कारखाने आणि यंत्रमाग यांत राबणाऱ्या स्त्रियांनी मजुरी, कामाची वाटणी, बाळंतपण व निवारा यांसाठी युनियनमार्फत दिलेला लढा. ‘त्याच कामाला बाईला कमी पैसे’ असा उघड भेदभाव इथे क्वचितच दिसतो. काम आधीच बायकी आणि पुरुषी असे वाटले जाते, आणि दर त्या वाटणीवर ठरतो. त्यामुळे इथली भांडणे हजारी दर (हजार विड्यांमागची मजुरी), छाट (नापास ठरवलेल्या विड्या) आणि नोंदवही यांभोवती फिरत राहिली.

शहरातली पहिली कापड गिरणी, म्हणजे ‘जुनी मिल’, १८७७ ची. गिरण्यांत बायका मुख्यतः वाइंडिंग व रिळिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यात असत. मागावर पुरुष, आणि मागाचा पगार जास्त. १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याने बाळंतपणाचा भत्ता मिळू लागला, पण त्याचा सगळा भार एकट्या मालकावर टाकला होता. बाई कामावर घेणेच टाळायला त्यातून निमित्त मिळाले. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ६६ ने संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत स्त्रियांना काम देण्यास बंदी घातली. तीन पाळ्यांत चालणाऱ्या गिरणीला तिसऱ्या पाळीत न चालणारा कामगार अडचणीचा. नव्या यंत्रांनी रिळिंगची कामे कमी केली, तेव्हा आधी गेल्या त्या बायका. संरक्षणाचे नियम बायकांच्या रोजगारावर उलटू शकतात, हे गिरणी युनियनांना उशिरा उमगले. तोवर त्यांच्या कार्यकारिणीत बायका मोजक्याच होत्या. मीनाक्षी साने यांच्यासारख्या कम्युनिस्ट कार्यकर्तीचे नाव म्हणूनच शहरात आजही वेगळे घेतले जाते.

गिरण्या बंद पडत गेल्या तसे पूर्व भागातील तेलुगूभाषक पद्मशाली कुटुंबांत घर चालवण्याचा भार विडीवर, म्हणजे बाईवर आला. ब्रँचमधून, म्हणजे कारखान्याच्या माल देण्या-घेण्याच्या केंद्रातून, तेंदूपाने, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा. पाने भिजवून ओल्या फडक्यात ठेवायची, पत्र्याच्या साच्यावर कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधून तोंड दुमडायचे. २५ विड्यांचा एक कट्टा, ४० कट्ट्यांचे हजार. दुसऱ्या दिवशी ब्रँचमध्ये चेकर कट्टे हातात घेतो आणि सैल, बारीक, फाटक्या पानाच्या किंवा उघड्या तोंडाच्या विड्या बाजूला काढतो. ही छाट. वळणाऱ्या बहुतेक बायका. चेकर, विड्या भाजणारे भट्टीवाले बहुतेक पुरुष.

समान वेतन कायदा, १९७६ इथे अडला तो याच ठिकाणी. ‘समान किंवा समान स्वरूपाचे काम’ दाखवायला तुलनेसाठी पुरुष लागे, आणि हजारावर विडी वळणारा पुरुष सहसा सापडत नसे. १९८७ मध्ये मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या स्त्री लघुलेखकांना पुरुषांइतका पगार दिला, कारण तिथे शेजारी तेच काम करणारा पुरुष होता.

मग युनियनचे हत्यार ठरला १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा. घरी वळणारी बाईही कामगार, ही त्याची खरी कमाई. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. त्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांनुसार छाट सर्वसाधारणपणे ५ टक्क्यांवर जायची नव्हती, आणि मुद्दाम हयगय केलेली नसेल तर छाटलेल्या विडीलाही अर्धा दर द्यावा लागे. म्हणजे हजारामागे जास्तीत जास्त ५० विड्या, दोन कट्टे. चेकरने चार कट्टे काढले, तर चूक बाईच्या हाताची की ब्रँचने दिलेल्या पानांची, हा पहिला प्रश्न. पाने सडकी किंवा भोकाची निघाली की हजार भरत नाहीत, आणि कमी पडलेली पाने बाई पदरच्या पैशाने आणते. कच्चा माल, छाट आणि छाटीची मजुरी यांचे वाद या कायद्याच्या कलम ३९ खाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे नेता येत. पण दिलेल्या पानांचे वजन नोंदवहीत त्याच दिवशी लिहिलेले लागे. नंतर तोंडी सांगून उपयोग होत नसे.

नोंदवहीची दुसरी गोम नावाची. आईच्या वहीवर लेक आणि सूनही वळतात. तीन जणींचे काम एका नावावर चढते. उरलेल्या दोघींना भविष्य निर्वाह निधी नाही, वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा नाही, बाळंतपणाच्या लाभासाठी लागणारे ८० दिवसांचे कामही नावावर नाही. कायद्याची स्वतःचीही एक मेख होती. प्रसूती लाभ कायदा घरी वळणारीला लागू होता, पण त्यातील वैद्यकीय बोनसचे कलम ८ आणि आजारपणाच्या रजेचे कलम १० तिच्यापुरते वगळले होते. भविष्य निर्वाह निधी घरी वळणाऱ्यांनाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केले.

लाल बावटा विडी कामगार युनियनचे सभासद बहुतांश स्त्रिया. नेतृत्वाचा चेहरा मात्र दीर्घकाळ माजी आमदार नरसय्या आडम. मोर्चात बायका पुढे आणि वाटाघाटीच्या टेबलावर पुरुष, हे चित्र इतर युनियनांतही फारसे वेगळे नाही. याच चळवळीतून अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी येथे कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांच्या गृहनिर्माण संस्थेची १०,००० घरे उभी राहिली. २००६ मध्ये त्यांचे हस्तांतरण झाले. सभासद बाई, म्हणून घरावर तिचा हक्क. मजुरीच्या कोणत्याही करारापेक्षा याने घरातले तिचे वजन जास्त बदलले असावे. शहरातल्या ब्रँचचा फेरा मात्र लांबला.

यंत्रमागावर चादर-टॉवेलचे विणकाम पुरुषांकडे, कांड्या (सुताच्या लहान नळ्या) भरणे आणि कडा शिवणे बायकांकडे. कारखाने लहान. दहापेक्षा कमी कामगार असतील तर लैंगिक छळाची अंतर्गत समिती नसते. २०१३ च्या कायद्याखाली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी द्यावी लागते. लिहिता येत नसेल तर समितीनेच मदत करायची असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. १९६६ आणि १९७६ चे दोन्ही कायदे त्यांत विलीन झाले, आणि संमती व सुरक्षेच्या अटींवर स्त्रियांना रात्रपाळी खुली झाली. ज्या गिरण्यांत तिसरी पाळी चालायची, त्या तोवर बंद पडून बरीच वर्षे लोटली होती.